विधेयक 'मांडलं' आणि 'विचारार्थ घेतलं' यांच्या मधल्या काळात काय पाहायचं?

प्रश्न असा आहे: "मी एका खासगी कंपनीत एचआरमध्ये आहे. डिसेंबर 2025 मध्ये 'ऑफिस सुटल्यावर साहेबांचा फोन न उचलण्याचा हक्क देणारं विधेयक लोकसभेत मांडलं' अशी बातमी आली. आठवडाभर लोक मला विचारत होते की हा कायदा कधीपासून लागू? मला नीट सांगता आलं नाही. विधेयक मांडलं म्हणजे नेमकं काय झालं, आणि पुढे त्याचं काय चाललंय हे आपल्यासारख्यांनी कसं ओळखायचं?"

आधी थेट उत्तर. हा कायदा झालेला नाही, आणि त्या विधेयकातून होईल अशी आशाही धरू नका. ते सुप्रिया सुळे यांनी मांडलेलं अशासकीय विधेयक होतं. जो खासदार मंत्री नाही, मग तो सत्ताधारी पक्षाचा का असेना, त्यानं आणलेलं विधेयक अशासकीय. हाच विषय त्यांनी डिसेंबर 2018 मध्येही मांडला होता. 2019 मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर ते विधेयकही संपलं. तेव्हाही व्हॉट्सअ‍ॅपवर हेच फिरत होतं, फक्त साल वेगळं.

मी गेली बरीच वर्षं खासदारांसाठी विधेयकांची टिपणं तयार करतो. अशासकीय विधेयकांचा शुक्रवार एकदा तरी संसद टीव्हीवर बघा. दुपारचे शेवटचे अडीच तास या कामासाठी राखलेले असतात. अध्यक्ष नाव पुकारतात, खासदार उठून विधेयक मांडण्याची अनुमती मागतात, आवाजी मत होतं, "मी विधेयक मांडतो" म्हणून खासदार खाली बसतात. पुढचं नाव. सरकारही या टप्प्यावर सहसा अडवत नाही, आणि बघता बघता डझनावारी विधेयकं मांडून होतात. त्यातलं चर्चेला कुठलं येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. चर्चा झालीच तर शेवटी मंत्री म्हणतात, भावना समजली, आता विधेयक मागे घ्या. 1952 पासून आजवर 14 अशासकीय विधेयकांचाच कायदा झाला, त्यातलं शेवटचं 1970 मध्ये.

म्हणून ही सगळी हौस आहे असंही नाही. 2015 मध्ये खासदार तिरुची शिवा यांचं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं अशासकीय विधेयक राज्यसभेनं चक्क संमत केलं. लोकसभेत ते अडलं, पण सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि 2019 मध्ये कायदा झाला. तो शिवांच्या मसुद्याहून बराच वेगळा, आणि माझ्या मते कमकुवत, हा भाग निराळा. अशासकीय विधेयक विषयाला तोंड फोडतं. लागू कधी, हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही.

तेव्हा बातमी वाचताना पहिलं बघायचं ते नाव. विधेयक मंत्र्यांनी मांडलंय की खासदारानं? खासदाराचं असेल तर विषय लक्षात ठेवून पुढे चला. मंत्र्यांचं असेल तर मात्र खुर्ची सरसावून बसा, कारण मांडणं आणि विचारार्थ घेणं (म्हणजे सभागृहानं त्यावर प्रत्यक्ष चर्चा आणि मत सुरू करणं) यांच्या मधला वेळ हीच काय ती आपली जागा आहे. माझा अनुभव असा की विधेयकातल्या कलमांपेक्षा हा मधला वेळ किती आहे आणि त्यात काय होतंय, यावरून त्याची जातकुळी लवकर कळते.

मांडण्याच्या टप्प्याला कागदोपत्री 'पहिलं वाचन' म्हणतात. वाचत कोणी काही नाही. मंत्री अनुमती मागतात, सभागृह देतं. विरोधक इथेही विरोध करू शकतात. एरवी थोडक्यात निवेदन करता येतं. हा विषय संसदेच्या अधिकारकक्षेतच नाही असा आक्षेप असेल तर अध्यक्ष पूर्ण चर्चाही होऊ देऊ शकतात. इथल्या मतदानावरून मोठा घोळ होतो तो असा. 17 डिसेंबर 2024 रोजी 'एक देश, एक निवडणूक'चं घटनादुरुस्ती विधेयक मांडलं गेलं, मतविभाजन झालं, बाजूनं 269 आणि विरोधात 198. लगेच ओरड सुरू झाली की दोन तृतीयांश मिळाले नाहीत, विधेयक पडलं. पडलं नव्हतं. घटनादुरुस्तीचं विधेयक असलं तरी ते नुसतं मांडायला साधं बहुमत पुरतं. विशेष बहुमत लागतं ते विचारार्थ घेताना, खंडांवर (म्हणजे विधेयकातल्या कलमांवर) मत घेताना आणि शेवटी संमत करताना. आकड्यांचा इशारा मात्र खरा होता. त्या दिवशी मतदान केलेल्या 467 जणांचे दोन तृतीयांश म्हणजे 312. विधेयक पुढे दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं.

आता मधल्या वेळाकडे येऊ.

तो कधी कधी नसतोच. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक 20 ऑगस्ट 2025 रोजी लोकसभेत मांडलं गेलं आणि त्याच दिवशी संमत झालं. दुसऱ्या दिवशी राज्यसभा, 22 तारखेला राष्ट्रपतींची संमती. पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपवर उभा राहिलेला अख्खा धंदा बेकायदा ठरवणारा कायदा तीन दिवसांत झाला. असल्या अ‍ॅपांबद्दल मला काडीचं प्रेम नाही, पण तीन दिवसांत कोणी काय वाचलं असेल? विधेयकाच्या प्रती मांडण्याच्या दोन दिवस आधी खासदारांना मिळाव्यात असा लोकसभा अध्यक्षांचा निर्देश आहे. मंत्र्यांनी कारण दिलं की त्यातून सूट मिळते. 5 ऑगस्ट 2019 रोजी जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयकही राज्यसभेत मांडलं आणि त्याच दिवशी संमत झालं. आमच्या कामात याची एक खूण ठरलेली आहे. सकाळच्या कार्यसूचीत नसलेलं विधेयक पुरवणी कार्यसूचीत आलं, की जेवणाचा डबा बंद करून कामाला लागायचं.

आणि कधी हा वेळ मिळतो, तेव्हा त्याचं काय होऊ शकतं ते प्राप्तिकर विधेयकात बघा. 13 फेब्रुवारी 2025 रोजी ते मांडलं गेलं आणि लोकसभेच्या प्रवर समितीकडे, म्हणजे त्याच विधेयकासाठी नेमलेल्या समितीकडे गेलं. समितीनं 21 जुलैला अहवाल दिला. 8 ऑगस्टला सरकारनं मूळ विधेयक मागे घेतलं आणि 11 ऑगस्टला 'प्राप्तिकर (क्रमांक 2) विधेयक, 2025' मांडलं. ते त्याच दिवशी लोकसभेत संमत झालं. वरवर पाहता इथेही एका दिवसात उरकलं, पण खरं काम आधीच्या पाच महिन्यांत झालं होतं. नावातला तो 'क्रमांक 2' फार महत्त्वाचा. फेब्रुवारीच्या मसुद्यातून असा अर्थ निघत होता की विवरणपत्र मुदतीनंतर भरलं तर कापलेल्या कराचा परतावा मागता येणार नाही. वडील आजारी होते म्हणून उशीर झाला, की गेले पैसे. समितीनं ही तरतूद काढायला सांगितली आणि नव्या विधेयकात ती राहिली नाही. फेब्रुवारीची पीडीएफ उतरवून ठेवलेले लोक मात्र पुढेही त्यावरून व्हिडिओ करत राहिले.

समिती सरसकट सगळ्यांच्या नशिबी नसते. पंधराव्या लोकसभेत (2009 ते 2014) सुमारे 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत (2019 ते 2024) फक्त 16 टक्क्यांच्या आसपास. विधेयक समितीकडे पाठवायचं की नाही यात सरकारच्या मर्जीला मोठं वजन आहे. आपोआप पाठवलंच पाहिजे असा नियम नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचं प्रकरण तर अजबच. 2019 चं विधेयक संयुक्त समितीनं दोन वर्षं घोळलं, 2022 मध्ये सरकारनं ते मागे घेतलं, आणि 3 ऑगस्ट 2023 रोजी जे नवं विधेयक मांडलं ते कुठल्याही समितीकडे न जाता 9 ऑगस्टपर्यंत दोन्ही सभागृहांतून पार झालं. जुन्या मसुद्याची तपासणी झाली आणि कायदा झाला नव्याचा.

समित्यांना मी देवघरात बसवत नाही. पक्षांच्या रेषा तिथेही असतात, अलीकडे जास्तच. पण समितीच्या दारामागे कॅमेरा नसतो, म्हणून खासदार निदान प्रश्न विचारतात, अधिकाऱ्यांना उत्तरं द्यावी लागतात, आणि हे सगळं अहवालात छापून येतं. अहवाल हातात आला की मी मागून उघडतो. शेवटी असहमतीची टिपणं असतात. विरोधी सदस्यांनी कुठल्या खंडावर बोट ठेवलंय ते वाचून मग मुख्य अहवालाकडे आलं की वाचन निम्म्या वेळात होतं.

सामान्य माणसाला आत शिरायला एकच दार आहे, तेही याच काळात उघडतं. समिती वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन लेखी सूचना मागवते, बहुधा 15 दिवसांची मुदत असते. मसुद्याच्या पातळीवर मंत्रालयानं किमान 30 दिवस जनतेसमोर ठेवावं असं धोरण 2014 मध्ये ठरलं खरं, पण ते धोरण आहे, बंधन नाही, आणि त्याला बगल किती वेळा दिली गेली ते मोजण्यात अर्थ नाही. सूचना पाठवायची तर कशी पाठवायची हे सांगतो, कारण बहुतेक जण इथे चुकतात. "हे विधेयक कामगारविरोधी असून आम्ही त्याचा तीव्र निषेध करतो" असं पत्र मोजलं जातं, वाचलं जात नाही. त्याऐवजी असं लिहा: "खंड 14, उपखंड (2) मध्ये 'तीस दिवस' ऐवजी 'साठ दिवस' करावे. कारण, आमच्या 40 कामगारांच्या कारखान्यात हिशेब महिन्याच्या 10 तारखेला बंद होतो आणि नोटीस मिळेपर्यंत मुदत संपलेली असते." बस, इतकंच. खंडाचा क्रमांक, हवा तो शब्द, आणि तुमच्या रोजच्या कामातलं एक कारण. सचिवालयातला माणूस खंडवार तक्ता करत असतो. तुमचं वाक्य त्याला उचलून तक्त्यात टाकता आलं पाहिजे.

विधेयक वाचायचं कसं, हेही याच ओघात. सुरुवातीची कलमं सगळेच वाचतात. तुम्ही शेवटून या. शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं; ती मंत्र्यांची वकिली आहे असं समजून वाचा. त्यानंतरच्या वित्तीय ज्ञापनात खर्चाचं दिलेलं असतं. नवं प्राधिकरण स्थापन होतंय आणि खर्च मात्र 'आत्ताच अंदाज करता येत नाही' असं लिहिलं असेल, तर ते प्राधिकरण बरीच वर्षं एका खोलीत आणि दोन खुर्च्यांवर चालणार हे ओळखा. मग येतं नियम करण्याचे अधिकार सरकारला कुठे कुठे दिलेत ते सांगणारं ज्ञापन. हे सगळ्यात मोलाचं पान. विधेयकात 'विहित करण्यात येईल अशा रीतीने' हे शब्द जितक्या वेळा येतील, तितका कायदा संसदेबाहेर, मंत्रालयात लिहिला जायचा आहे. मी पेन्सिलीनं 'विहित'भोवती गोल करत जातो. चाळीसच्या वर गोल झाले की टिपणात पहिलं वाक्य तेच टाकतो.

आणि खंड 1. लोक तो ओलांडून पुढे जातात, कारण त्यात फक्त नाव असतं असं वाटतं. त्यातच लपलेलं असतं: 'केंद्र सरकार, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियत करील अशा दिनांकास तो अंमलात येईल.' म्हणजे संसदेनं संमत केलं, राष्ट्रपतींनी सही केली, तरी सरकार तारीख ठरवेपर्यंत कायदा झोपलेला. तुमच्याच खात्यातलं उदाहरण घ्या. वेतन संहिता 2019 ची, बाकी तीन श्रम संहिता 2020 च्या, आणि अंमलात आल्या 21 नोव्हेंबर 2025 रोजी. मधली पाच-सहा वर्षं दर एप्रिलला 'या वर्षीपासून हातात येणारा पगार कमी होणार' ही बातमी तुम्ही वाचली असेलच. दिल्ली भाडे कायद्याला 1995 मध्ये संमती मिळाली आणि तो कधीच लागू झाला नाही. नागरिकत्व दुरुस्ती कायदा जानेवारी 2020 मध्ये अंमलात आला, पण अर्ज कसा करायचा ते सांगणारे नियम मार्च 2024 मध्ये आले; तोवर तो वापरता येण्याजोगा नव्हता.

विचारार्थ घेतल्यावर काय होतं? आधी एकूण तत्त्वावर चर्चा, मग खंडवार मत. ऐकायला गंमत असते. "खंड 2 ते 37 विधेयकाचे भाग व्हावेत", हो म्हणणारे हो म्हणतात, झालं. छत्तीस खंड एका दमात. खंड 1, अधिनियमन सूत्र आणि दीर्घ शीर्षक यांवर मत सगळ्यात शेवटी. आवाजी मतावर एखाद्या सदस्यानं मतविभाजन मागितलं तर प्रत्यक्ष मोजणी व्हायला हवी. सभागृहात गोंधळ असेल तर ती होत नाही, आणि 20 सप्टेंबर 2020 रोजी राज्यसभेत कृषी विधेयकांच्या वेळी वाद पेटला तो यावरूनच.

याच टप्प्यावर सरकार स्वतःच्या दुरुस्त्या आणतं, आणि इथे मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे. एका विधेयकावर एका खासदारांसाठी टिपण केलं होतं, सगळं 'मांडल्याप्रमाणे' या प्रतीवरून. सरकारी दुरुस्त्यांचा कागद आदल्या रात्री फिरला होता, मी पाहिला नव्हता. खासदारांनी दंडाच्या रकमेवर जोरात हल्ला चढवला, आणि मंत्री शांतपणे म्हणाले की सन्माननीय सदस्य ज्या आकड्याबद्दल बोलत आहेत तो आता विधेयकात नाही. त्या संध्याकाळी मला आलेला फोन इथे लिहिण्यासारखा नाही. तेव्हापासून प्रतीच्या पहिल्या पानावर वर काय छापलंय ते मी आधी पाहतो: 'लोकसभेत मांडल्याप्रमाणे', 'लोकसभेने संमत केल्याप्रमाणे', की 'दोन्ही सभागृहांनी संमत केल्याप्रमाणे'. तीन वेगळे मजकूर असू शकतात.

क्रमांकांनीही लोक फसतात. घटनादुरुस्तीच्या विधेयकाला एक नंबर असतो आणि कायद्याला दुसरा, कारण मधली कित्येक विधेयकं गळून पडलेली असतात. जीएसटीचं 122 वं विधेयक 101 वी घटनादुरुस्ती म्हणून कायदा झालं. महिला आरक्षणाचं 128 वं विधेयक 106 वी घटनादुरुस्ती झालं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं यावर हमखास अडतात.

महिला आरक्षणाची कथा थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण मांडणं आणि विचारार्थ घेणं यांच्यात एखादा विषय किती वर्षं लटकू शकतो याचं तिच्याइतकं दुसरं उदाहरण नाही. 1996, 1998, 1999, तीनदा लोकसभेत मांडलं, तीनदा लोकसभेच्या विसर्जनाबरोबर संपलं. नियम असा की लोकसभेत प्रलंबित असलेलं विधेयक विसर्जनाबरोबर व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेत अजून न गेलेलं मात्र टिकतं, कारण राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. म्हणून 2008 मध्ये हुशारी करून विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. 9 मार्च 2010 रोजी राज्यसभेनं ते संमत केलं, पेढे वाटले गेले, आणि नेमकं त्या विजयानंच घात केला. संमत होऊन ते लोकसभेकडे गेलं, म्हणजे लोकसभेचं प्रलंबित काम झालं, आणि 2014 मध्ये पंधराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झालं. राज्यसभेत नुसतं पडून राहिलं असतं तर जिवंत राहिलं असतं. लहान कुटुंबाबाबतचं 1992 चं 79 वं घटनादुरुस्ती विधेयक तसंच राज्यसभेच्या यादीत तीसहून अधिक वर्षं जिवंत राहिलं. शेवटी सप्टेंबर 2023 मध्ये महिला आरक्षणाचं नवं विधेयक 19 तारखेला मांडलं, 20 ला लोकसभेत 454 विरुद्ध 2, 21 ला राज्यसभेत 214 विरुद्ध शून्य. सत्तावीस वर्षं आणि तीन दिवस. त्यातही प्रत्यक्ष आरक्षण पुढची जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघ पुनर्रचना यांना बांधलेलं.

पाठपुरावा कुठे करायचा ते झटकन सांगतो. संसदेच्या संकेतस्थळावर विधेयकांचा विभाग आहे, तिथे मूळ प्रत आणि सध्याची अवस्था दोन्ही मिळतात. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संशोधन संस्थेच्या पानावर सोपा सारांश आणि आधीच्या कायद्याशी तुलना असते. अंमलात आल्याची तारीख मात्र राजपत्रातूनच घ्या, बातमीतून नको.

आता तुमच्या सहकाऱ्यांना काय सांगाल? ऑफिसनंतरच्या फोनचं विधेयक हे खासदारानं मांडलेलं विधेयक आहे, ते विचारार्थ घेतलेलं नाही. ज्या दिवशी श्रम मंत्र्यांच्या नावानं असं काही कार्यसूचीत दिसेल, त्या दिवशी मला पुन्हा विचारा. दरम्यान, रात्री आठनंतर फोन करायचा नाही असं परिपत्रक तुमच्या कंपनीला काढायचं असेल, तर त्यासाठी संसदेची वाट बघायची गरज नाही. मसुदा तुम्हीच करणार असाल तर 'व्यवस्थापन ठरवेल त्या तारखेपासून' हे शब्द तेवढे त्यात येऊ देऊ नका.